हाडांच्या औषधामुळे जबड्याच्या एक्स-रेत बदल दिसला, तर औषध बंद करावं का?

तुमच्या आईंच्या ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, जबड्याचं हाड नेहमीपेक्षा पांढरं दिसतंय, दंतवैद्यांना हाडांच्या ठिसूळपणावरच्या औषधाचा संशय आहे, तर ते बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःच्या मनाने अजिबात करू नका. आमच्या घरात ते केलं गेलं.

माझ्या आईला हाडांच्या ठिसूळपणासाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन असायचं. खालची दाढ काढताना दंतवैद्यांनी चालू औषधं विचारली, तर तिने बीपीची गोळी आणि कॅल्शियम एवढंच सांगितलं. वर्षातून दोनदा टोचून घ्यायचं ते तिच्या लेखी औषधच नव्हतं. मी शेजारीच बसले होते, मलाही आठवलं नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्याच दातासाठी ओपीजी काढला, तर त्या दाढेची खोबण कालच दात काढल्यासारखी दिसत होती, कडा पांढऱ्या आणि ठळक. वरून हिरडी छान भरलेली, दुखणं काही नाही.

इंजेक्शनचं कळल्यावर दंतवैद्यांनी नीट समजावलं. हाड झिजवणाऱ्या पेशींना हे औषध थोपवतं, पण जुनं हाड उचलून नव्याला जागा करून देतात त्याही याच पेशी. त्या थंडावल्या की खोबणीच्या कडा विरघळत नाहीत, मुळाभोवतीची पांढरी रेघ, म्हणजे लॅमिना ड्युरा, जाड होते, हाडाची जाळी दाट दिसते. दातांभोवतीच्या हाडात ही उलाढाल मुळातच जास्त, म्हणून परिणाम तिथे उठून दिसतो. नुसता असा पांढरेपणा म्हणजे हाड कुजलं असं नाही. ते 'लक्ष ठेवू' म्हणाले, 'बंद करा' म्हणाले नाहीत.

दादाने त्यातला फक्त 'जबडा' ऐकला. रात्रभर मोबाइलवर उघड्या पडलेल्या हाडांचे फोटो बघितले आणि पुढचं इंजेक्शन द्यायचंच नाही असं ठरवलं. मी भांडले, पण हाडांच्या डॉक्टरांना फोन केला नाही, ही माझी चूक. अलेन्ड्रोनेट, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड ही ठिसूळपणावरचीच दुसरी औषधं हाडात वर्षानुवर्षं मुरून राहतात. डेनोसुमॅब तसं राहत नाही. त्याचा असर ओसरला की थोपलेल्या पेशी दुप्पट जोराने कामाला लागतात. शेवटच्या डोसनंतर अकराव्या महिन्यात आईचे दोन मणके दबले, अंथरुणात कुशीवर वळताना. दादा अजून वयाचं कारण देतो. पण हे इंजेक्शन थांबवल्यावर एकाहून अधिक मणके दबल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत, आणि थांबवायचंच असेल तर त्याजागी दुसरं औषध सुरू करावं लागतं.

आता राहिलेलं. तुमच्या आईंचं औषध कर्करोगासाठी असेल तर डोस बराच मोठा आणि वरचेवर असतो, जबड्याचं हाड कुजण्याचा धोकाही त्या मानाने कितीतरी जास्त. तिथे माझा अनुभव लावू नका. ठिसूळपणाच्या डोसमध्ये तो फारच कमी. मात्र तोंडात हाड उघडं दिसलं, पू आला, ओठ बधिर झाला किंवा एक्स-रेत हाडाचा सुटा तुकडा दिसला, तर लगेच दाखवा. उघडं हाड आठ आठवड्यांहून जास्त टिकलं की त्याला हाड कुजण्याच्या आजाराचं नाव देतात, पण तोवर घरी थांबू नका. दात काढायचा असेल तर शेवटच्या डोसची तारीख आधी सांगा आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

घरात कोणी 'बंद करा' म्हणत असेल तर त्याला विचारा, बंद करून त्याजागी काय देणार? दादाला मी हे त्या रात्रीच विचारायला हवं होतं.