ज्येष्ठ नागरिकांच्या आर्थिक फसवणुकीवर संशोधनासाठी निधी कुठून मिळतो? अशा संशोधनाचा उपयोग होतो का?

निधीचं आधी. सामाजिक शास्त्रांत काम करत असाल तर दिल्लीच्या आयसीएसएसआरकडे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) प्रस्ताव पाठवा. अमेरिकेत न्याय खात्याची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिस या विषयाला अनुदान देत आली आहे.

उपयोगाचं विचाराल, तर हे आमच्या घरात घडलंय.

वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झाले. पीएफ-ग्रॅच्युइटीतले 9 लाख त्यांनी एका पतसंस्थेत ठेवले. एजंट आमच्याच गल्लीतला. आईला ॲडमिट करायचं होतं तेव्हा रात्री दोनला रिक्षा घेऊन तोच आला होता. व्याज बँकेपेक्षा दोन टक्के जास्त, एवढंच. 2018 साली संस्थेला टाळं लागलं. वडील सात महिने कुणाशी बोलले नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत देवघरातल्या पोथीच्या लाल फडक्यात ठेवपावत्या सापडल्या. त्यांनी एक पावती खिडकीच्या उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कागद चांगलाय रे. शिक्काही खरा आहे." तीस वर्षं छापलेले कागद तपासण्यात गेलेला माणूस.

दादा तेव्हाही म्हणाला, आजही म्हणतो, "लोभ नडला." साफ चूक. दोन टक्क्यांसाठी कुणी लोभी ठरत नाही. रात्री धावून आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. आणि दादा, त्या रात्री आपण दोघं भाऊ कुठे होतो? तू पुण्यात, मी दुबईत.

संशोधन व्हावं ते यावर, की फसलेला माणूस घरात गप्प का बसतो. ऑनलाइन फसवणुकीत 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे गोठवता येतात, पण ओरडा बसेल म्हणून म्हातारी माणसं फोनच करत नाहीत. जनजागृतीची पोस्टरं पुरे झाली. नाशकात पोलीस अकादमी आहे, मुक्त विद्यापीठ आहे. दोघांनी मिळून शंभर घरांत जाऊन बसावं. मुलांनाही विचारावं, कळल्यावर पहिलं वाक्य काय बोललात?

सगळ्याच पतसंस्था बुडव्या नसतात, हेही खरं. पण बँकेतल्या ठेवीला 2020 पासून 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. एवढं पाहूनच पैसे ठेवा.

आमची तक्रार 1999 च्या एमपीआयडी, म्हणजे ठेवीदारांचं हित जपणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली नोंदवलीय. संचालकांची मालमत्ता जप्त झाली, लिलाव बाकी आहे. पावत्या माझ्या कपाटात आहेत, त्याच लाल फडक्यात. दादानं त्या अजून एकदाही बघायला मागितलेल्या नाहीत.