दारू पिऊन गाडी चालवल्याची केस कबूल केली, तर लायसन्सचं काय होतं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. धाकटा भाऊ मालवाहू टेम्पो चालवतो. नाकाबंदीत ब्रेथ अ‍ॅनालायझरवर सापडला, पोलिसांनी लायसन्स जमा करून पावती दिली आणि आता कोर्टाची तारीख लागली आहे. ओळखीचे सगळे सांगतात, ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ त्यात चार वर्षांपूर्वी एका मारामारीत तो दोषी ठरला होता आणि दंड भरून सुटला होता. या दोन्हींमुळे लायसन्स कायमचं जाईल का, ही तुमची धास्ती.

मी गेली चौदा वर्षं दंडाधिकारी न्यायालयात वकिली करतो आणि असल्या केसेस जवळजवळ रोज बघतो. बाकी सगळं सांगतोच, पण आधी मला सांगा, तो त्या पावतीवर अजून टेम्पो चालवतोय का? चालवत असेल तर आजच थांबवा. ‘पावती आहे म्हणजे चालतं’ असं पुष्कळ ड्रायव्हर समजतात. पूर्वी जमा केलेल्या लायसन्सच्या पावतीवर काही दिवस चालवता यायचं, त्यातून हा समज रुजलाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये स्पष्ट लिहिलंय की ही पावती म्हणजे लायसन्स जमा केल्याची नोंद. लायसन्स परत हातात येईपर्यंत तिच्यावर गाडी चालवता येत नाही. या काळात अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी लायसन्सवरच बोट ठेवेल.

आता ‘कबूल कर आणि मोकळा हो’ या सल्ल्याबद्दल. हा सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर सिग्नल तोडल्याचं चलन असतं. चलन भरलं की विषय मिटतो. कलम १८५ म्हणजे दारूचा गुन्हा मात्र चलनावर मिटत नाही, तो कोर्टातच जातो. तिथे ‘कबूल आहे’ म्हटलं की दोषसिद्धी होते. दंड किती याने काही फरक पडत नाही. रक्तात १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं हा गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्यानंतर पुन्हा झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. लोक एवढंच वाचतात. लायसन्सचं कलम वेगळं आहे, कलम २०. त्यानुसार १८५ खाली दोषी ठरलेल्या माणसाला कोर्टाने किमान सहा महिने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचं आहे. आणि आधी १८५ मध्ये शिक्षा झालेला माणूस पुन्हा त्याच कलमात दोषी ठरला, तर कलम २२ प्रमाणे कोर्टाने लायसन्स रद्दच करायचं आहे.

खरं सांगायचं तर अनेकदा फक्त दंड घेऊन प्रकरण संपलेलंही मी पाहिलंय. पण ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याने त्या भरवशावर राहू नये. एक प्रसंग सांगतो.

पन्नाशीचे एक ट्रक ड्रायव्हर तारखेला एकटेच आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात रबर लावून ठेवलेल्या नोटा. न्यायाधीशांनी ‘गुन्हा कबूल आहे का’ हा प्रश्न पुरा करायच्या आतच ते ‘कबूल आहे साहेब’ म्हणाले. खाली जाऊन दंड भरला, पावती घेतली, हात जोडले. मग शिरस्तेदारांनी आदेशाची दुसरी ओळ वाचून दाखवली: एक वर्ष अपात्र. त्यांनी पावती उलटून मागची बाजू बघितली. तिथे काहीच नव्हतं. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘वकीलसाहेब, दंड तर भरला ना, मग हे कसलं?’ मी तेव्हा त्यांचा वकील नव्हतो, बाकावर शेजारी बसलो होतो इतकंच. गुन्हा स्वतः कबूल केल्यावर दोषसिद्धीविरुद्ध अपील जवळजवळ उरतच नाही. शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे का, एवढ्यापुरतंच भांडता येतं. हे मला त्यांना पायरीवर उभं राहून सांगावं लागलं. अजूनही कुणी घाईने ‘कबूल’ म्हणालं की मला तो उलटा केलेला कागद आठवतो.

म्हणून तारखेआधी वकिलाला कागद दाखवा. ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या छापील पट्टीवर आकडा किती, वेळ काय, रक्ताची तपासणी झाली का, हे बघू द्या. केस पक्की असेल आणि भावाने खरंच प्यायली असेल, तर कबूल करण्यात कमीपणा नाही. मी स्वतः अशिलांना तसं सांगतो. फक्त ते ‘कबूल’ म्हणण्याआधी दारू पिऊन चालवल्याचा हा पहिलाच गुन्हा आहे, कुटुंब याच्यावरच आहे, अपघात झालेला नाही, हे सगळं वकिलाने कोर्टापुढे मांडलेलं असलं पाहिजे, म्हणजे अपात्रतेचा काळ किमान राहावा यासाठी काही आधार असतो.

दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. कोर्ट एका बाजूला, आरटीओ दुसऱ्या बाजूला. पोलिसांनी जमा केलेलं लायसन्स आरटीओकडे जातं आणि आरटीओ कलम १९ खाली स्वतंत्र कारवाई करू शकतं. त्यासाठी कोर्टाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. पहिल्या वेळी तीन महिने अपात्र, पुन्हा सापडला तर लायसन्स रद्द. पण त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. ती नोटीस घरी येते आणि टीव्हीच्या मागे पडून राहते, असं करू नका. लेखी उत्तर द्या. आदेश विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. आणि आरटीओने अपात्र ठरवलं तर मुदत संपल्यावर नुसतं जाऊन लायसन्स मिळत नाही, रिफ्रेशर प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

आता मारामारीची जुनी केस. तिचा लायसन्सशी थेट संबंध नाही. चेक बाउन्स, भांडण, जमिनीचा वाद, अशा गुन्ह्यात शिक्षा झाली म्हणून कुणाचं लायसन्स आपोआप जात नाही. कलम १९ मध्ये सराईत गुन्हेगार, सराईत दारुडा आणि अमली पदार्थांचा व्यसनी यांच्यावर कारवाईचा अधिकार आहे, पण चार वर्षांपूर्वीची एक मारामारी म्हणजे सराईतपणा नव्हे. उद्या त्याला रिक्षा-टॅक्सीचा बॅज काढायचा असेल तर पोलीस पडताळणीत ती केस वर येईल, तेव्हा ती लपवू नये.

खरा प्रश्न असतो, गुन्ह्यात गाडी वापरली का? वापरली असेल तर गुन्हा कुठल्याही कायद्याखालचा असो, कोर्ट शिक्षेसोबत अपात्र ठरवू शकतं. मोटारसायकलवरून साखळी हिसकावणं, टेम्पोतून चोरीचा माल नेणं, निष्काळजीपणे चालवून कुणाचा जीव घेणं (पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६), हे सगळं त्यात येतं. प्रवाशाला मारहाण, गाडीतल्या मालाची चोरी, सरकारने मनाई केलेल्या मालाची वाहतूक यांवरून आरटीओही कारवाई करू शकतं.

इथे एक गोष्ट तुमच्या भावाला माझ्या नावाने सांगा. अपघात झाला की ‘जमाव मारेल’ म्हणून ड्रायव्हर पळून जातो. ती भीती मी समजू शकतो. कायद्यातही जमावाच्या रागासारखी हाताबाहेरची परिस्थिती धरलेली आहे. पण तिथे थांबता आलं नाही तर जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, २४ तासांच्या आत, जाऊन सांगायचं असतं. जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं हे कलम १३४ चं कर्तव्य चूक कुणाचीही असली तरी लागू आहे. ते मोडल्याबद्दल दोषी ठरला तर किमान एक महिना अपात्रता बंधनकारक आहे. मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते, की पाच मिनिटांत केलेल्या एका फोनने रस्त्यावरचा माणूस वाचला असता आणि ड्रायव्हरही.

आणखी एक. सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने चालवणं, हातात मोबाइल धरून चालवणं यांतून धोका निर्माण झाला तर २०१९ पासून ते कलम १८४ म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. त्यात एकदा शिक्षा झालेल्या माणसाच्या हातून पुढे तशाच चालवण्यामुळे कुणी दगावलं किंवा गंभीर जखमी झालं, तर गुन्हा नोंदवल्याबरोबर लायसन्स सहा महिने निलंबित होतं. निकाल लागायच्या आधीच. आणि १८४ मध्येच पुन्हा शिक्षा झाली, तर पाच वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते.

कोर्टाचा आदेश झालाच, तर अपील केलं म्हणून तो थांबत नाही. अपील कोर्टाकडून वेगळी स्थगिती घ्यावी लागते. अपात्रतेच्या काळात गाडी चालवली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्या आरटीओतून नवं लायसन्स काढायचा उपायही चालत नाही, कारण नोंद ‘सारथी’ या लायसन्सच्या सरकारी संगणक प्रणालीवर असते. लायसन्सवर पडलेला शेरा, म्हणजे शिक्षेची किंवा अपात्रतेची नोंद, मात्र जन्मभराचा नाही. तीन वर्षं नवा शेरा पडला नाही तर कोरं लायसन्स मागता येतं. अपात्रतेचे दिवस त्या तीन वर्षांत धरत नाहीत.

त्या ट्रक ड्रायव्हरांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. आदेशाला सहा महिने झाल्यावर अपात्रता उठवण्यासाठी त्याच कोर्टात अर्ज करता येतो, कलम २३ खाली. आम्ही तो केला. मालकाचं पत्र जोडलं. मधल्या काळात ते त्याच गाडीवर क्लीनर म्हणून जात होते, गाडी मात्र एकदाही चालवली नव्हती, हेही पत्रात होतं. उरलेले सहा महिने कोर्टाने माफ केले. तुमच्या भावाला जास्त मुदत लागली तर आदेशाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि सहावा महिना संपला की वकिलाला फोन करा. तोवर त्याला टेम्पोत बसायचं असेल तर डावीकडच्या सीटवर.