आरपीएमला -एच दिल्यावर मदत का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा आहे की लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारी आरपीएम ही कमांड 'आरपीएम -एच' अशी चालवली तर मदतीऐवजी 'हॅश हा पर्याय फक्त पॅकेज बसवताना किंवा काढताना देता येतो' अशा अर्थाचा एरर येतो, म्हणजे इन्स्टॉलेशन बिघडलंय का? नाही, सगळं ठीक आहे. आरपीएममध्ये -एच म्हणजे हेल्प नाहीच. ते '--हॅश'चं छोटं रूप आहे.

'आरपीएम -आयव्हीएच' ही कमांड तुम्ही पाहिली असेल. मीही बरेच दिवस ती एकच शब्द असल्यासारखी टाइप करत होतो. अक्षरं सुटी केली की उलगडा होतो: आय म्हणजे इन्स्टॉल, व्ही म्हणजे व्हर्बोज, म्हणजे काय चाललंय ते सविस्तर सांग, आणि एच म्हणजे हॅश. पॅकेज उलगडत असताना स्क्रीनवर # ची रांग सरकत जाते ना, ती या एचमुळे. मॅन्युअलमध्ये ती ५० चिन्हं असल्याचं लिहिलंय. नुसतं -एच दिलं की काहीच बसवायचं नसताना प्रगती कशाची दाखवायची, म्हणून आरपीएम अडतं.

मदतीसाठी 'आरपीएम --हेल्प' वापरा. थोडक्यात हवी असेल तर '--यूसेज'. आरपीएम पर्याय वाचण्यासाठी पॉप्ट नावाची लायब्ररी वापरतं आणि तिच्यात मदतीचं एका अक्षराचं रूप '-?' असं आहे. ते मात्र मी टाळतो, कारण शेलसाठी, म्हणजे आपण टाइप केलेली कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, ? हे कुठल्याही एका अक्षराची जागा घेणारं चिन्ह आहे. झेडशेल या शेलमध्ये जुळणारी फाइल सापडली नाही तर कमांड आरपीएमपर्यंत पोचतच नाही. द्यायचंच असेल तर अवतरणात द्या.

गोंधळ होणं साहजिक आहे, कारण त्याच मशीनवर डीएनएफ हे पॅकेज बसवायचं दुसरं साधन 'डीएनएफ -एच' दिल्यावर मात्र मदत दाखवतं. पण -एच म्हणजे मदतच, असा नियम पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकानेही केलेला नाही. 'डीएफ -एच' डिस्कच्या जागेचे आकडे वाचायला सोपे करून देतं, मजकूर शोधणारं 'ग्रेप -एच' निकालातलं फाइलचं नाव लपवतं. आणि 'शटडाउन -एच' मशीन बंद करायला घेतं! अनोळखी कमांडवर -एच टाकून बघायची सवय मी सोडली ती यामुळेच, आणि तुम्हीही सोडा असं मनापासून सांगेन, विशेषतः रूट म्हणून, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यातून, काम करत असाल तर. --हेल्प लिहायला चार अक्षरं जास्त लागतात, पण जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या संकेतांनुसार प्रत्येक प्रोग्रॅमने ते ओळखणं अपेक्षित आहे. तेही चाललं नाही तर मॅन्युअल दाखवणारी 'मॅन' कमांड आहेच.