नागपूर: गाईची सरकी ढेप सशांना घातली तर चालेल का?

नाही, सशांना घालू नका. सरकीतलं गॉसिपॉल (कपाशीच्या बियांतलं नैसर्गिक विषारी द्रव्य) त्यांना गाईपेक्षा फार लवकर बाधतं. गाईच्या कोटीपोटात (पहिल्या मोठ्या पोटात) ते बरंचसं प्रथिनांना चिकटून निष्प्रभ होतं, सशाला ती सोय नाही. पशुखाद्य तपासणं हे माझं रोजचं काम, म्हणून आकडे सांगतो. निम्मे प्राणी दगावतील असा गॉसिपॉलचा तोंडावाटे डोस, किलो वजनामागे:

- प्रयोगशाळेतले मोठे पांढरे उंदीर (रॅट): २४०० मिलिग्रॅमच्या वर
- ससे: ३५० ते ६००
- गिनीपिग: जेमतेम ३००

उंदीर तगतो खरा, पण तोही पूर्ण सुटत नाही: रोज थोडं दिलं तर नरांचे शुक्राणू घटतात, मंदावतात. तापवून काढलेल्या ढेपेत मोकळं (प्रथिनांना न चिकटलेलं) गॉसिपॉल कमी असतं, पण कळमन्याच्या बाजारातून आणलेलं पोतं नुसतं बघून ते कळत नाही.