‘दाशिकी’ जपानी नव्हे, हौसा

प्रश्न असा होता: रंगीबेरंगी, गळ्याभोवती नक्षीचा सैल सदरा ‘दाशिकी’ नावाने विकायला असतो. हा शब्द जपानी आहे का?

‘शिकी’ या शेपटामुळे तसं वाटू शकतं, पण शब्द पश्चिम आफ्रिकेचा आहे. इंग्रजीने तो नायजेरियातल्या योरुबा भाषेकडून घेतला. योरुबात तो ‘दानशिकी’, आणि योरुबात आला उत्तरेकडच्या हौसा भाषेतल्या ‘डन चिकी’वरून. प्रमाण योरुबात ‘च’ नाही, म्हणून ‘चि’चा ‘शि’ झाला. मधला ‘न’ इंग्रजीत गळला.

खरी गंमत हौसात आहे. ‘डन’ म्हणजे मुलगा. (हा ‘ड’ श्वास आत ओढून म्हणतात, मराठीत त्याला अक्षर नाही.) पण हा मुलगा आपल्या ‘-कर’सारखा कुठेही चिकटतो. ‘डन कानो’ म्हणजे कानो शहराचा रहिवासी, चक्क कानोकर! ‘डन वासा’ म्हणजे खेळाडू. आणि ‘चिकी’ म्हणजे पोट, त्यावरून ‘आत’. आपणही ‘डब्याच्या पोटात’ म्हणतोच, शिवाय पोटकलम, पोटभाडेकरू आहेतच. तेव्हा ‘डन चिकी’ म्हणजे शब्दशः ‘पोटकर’, आत राहणारा. हौसा पुरुषांचा घोळदार झगा ‘बब्बन रिगा’, म्हणजे मोठा झगा. त्याच्या आत घालायचा सदरा तो हा. थोडक्यात, आतली बंडी.

ही बंडी बाहेर आली ती अमेरिकेत. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात कृष्णवर्णीय तरुणांनी आफ्रिकेशी नातं सांगण्यासाठी दाशिकी मिरवायला सुरुवात केली. 1967 मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ‘न्यू ब्रीड’ नावाच्या कंपनीने तो बाजारात आणला. पुढे हिप्पींनीही उचलला.

गळ्याभोवतीच्या त्या प्रसिद्ध नक्षीचं मूळ मात्र वेगळं. ती काढली डच चित्रकार टून फान द मानाकर यांनी, नेदरलँड्समधल्या व्लिस्को या कापड कंपनीसाठी, 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला. या कंपनीचं मेणछपाईचं तंत्र जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल करून बसवलेलं. घानात ही नक्षी ‘अँजेलिना’ म्हणून ओळखली जाते. म्हणून नक्षी नसलेला, साध्या कापडाचा सदराही दाशिकीच. नाव शिवणीचं आहे, छापाचं नाही.

मराठीत लिहिताना मी ‘दाशिकी’ लिहितो. ‘डॅशिकी’ वाचलं की उगाच मोटारीची किल्ली आठवते.