जर्मनीत फिजिऑलॉजीची पीएचडी: वावर विकण्याआधी हे वाच

तू लिहिलंस की मेडिकल फिजिऑलॉजीत, म्हणजे शरीरक्रियाशास्त्रात, एमएस्सी झाली आहे, वर्ध्याकडच्या एका कॉलेजात ट्यूटर आहेस, आणि नागपूरचा एक कन्सल्टंट जर्मनीतल्या पीएचडीसाठी चार लाख मागतोय. बाबा सहापैकी दोन एकर वावर काढायला तयार आहेत. जावं का, आणि गेल्यावर पक्की नोकरी लागेल का, हे तुझे दोन प्रश्न. मला ताई म्हटलंस, म्हणून अगं-तुगं करूनच लिहिते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यातली. गेली दहा वर्षं जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या फिजिऑलॉजी विभागात काम करते.

आधी वावराचं बोलू. इथे आपल्या विषयातली पीएचडी बहुतेक वेळा नोकरी असते. विद्यापीठ तुझ्याशी करार करतं आणि पगार टीव्ही-एल नावाच्या सरकारी वेतनश्रेणीत ई-१३ या पायरीवर लागतो. २०२५ मध्ये सुरुवातीचा पूर्ण पगार महिन्याला साधारण ४,६०० युरो होता. पीएचडी करणाऱ्यांना बहुतेकदा ६५ टक्क्यांचा करार देतात, म्हणजे तीन हजारांच्या आसपास. कर, आरोग्यविमा, पेन्शन कापून हातात दोन हजारांच्या घरात पडतात. काम मात्र पूर्ण दिवसाचंच असतं, हे मनाशी धरून ये. वर्षाला ११,९०४ युरो बँकेत अडकवून ठेवायची जी अट कन्सल्टंटनं सांगितली, ती स्वतःच्या खर्चानं शिकायला येणाऱ्यांसाठी आहे. पगाराचा करार हातात असला की तोच उत्पन्नाचा पुरावा धरतात. म्हणजे तो तुला मास्टर्सचा रस्ता पीएचडीच्या नावानं विकतोय. पीएचडीची जागा दलालाकडून मिळत नाही, प्रोफेसरकडून मिळते, आणि प्रोफेसरला पत्र लिहायला पैसे लागत नाहीत. तुझा खर्च कागदपत्रांचा, व्हिसाच्या फीचा, सेवाग्राम एक्स्प्रेसनं व्हिसासाठी मुंबईला जाण्याचा, विमानाच्या तिकिटाचा आणि पहिला पगार येईपर्यंतच्या दोन महिन्यांचा. तेवढ्यासाठी जमीन काढायची गरज नाही.

आता काम काय असतं ते सांगते, कारण याबद्दल तू एक ओळही विचारली नाहीस आणि माझ्या मते सगळं त्यावरच ठरतं.

आमच्या वेळी कायमोग्राफच्या ड्रमवर काजळी धरून बेडकाच्या पोटरीच्या स्नायूचा आलेख काढायचो. तुझ्यापर्यंत बेडूक बंद होऊन कॉम्प्युटरवरचं सिम्युलेशन आलं असेल. तो कायमोग्राफ कार्ल लुडविग या जर्मन शास्त्रज्ञानं १८४० च्या दशकात बनवला, आणि इथल्या विभागांची शिस्त आजही तीच आहे: जिवंत ऊतक हाताळायचं, मोजायचं, पुन्हा मोजायचं. फक्त मोजमाप आता पेशीच्या पातळीवर गेलंय. १९७६ मध्ये ग्योटिंगेनला एर्विन नेहर आणि बर्ट साकमान यांनी पॅच क्लॅम्प नावाचं तंत्र आणलं; १९९१ चं नोबेल त्यांना मिळालं. काचेची नळी तापवून तिचं टोक साधारण एक मायक्रोमीटरचं करायचं, ते पेशीला टेकवायचं, तोंडानं अगदी हलकं ओढायचं. काच आणि पेशीचा पडदा घट्ट चिकटला, की पडद्यातल्या एकेका चॅनेलमधून, म्हणजे क्षारांची ये-जा होते त्या सूक्ष्म वाटेतून, जाणारा विद्युतप्रवाह दिसतो. या चिकटण्याला सील म्हणतात. मला पहिलं नीट सील मिळायला सात आठवडे लागले. रोज सकाळी मिठाचं द्रावण बनवायचं, त्याचा पीएच आणि ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) पाहायची, आणि संध्याकाळी वहीत ‘आज एकही पेशी नाही’ असं लिहायचं. माझी आई मजुरीनं कापूस वेचायची. दिवस किती लांब गेला यापेक्षा संध्याकाळी वजनकाट्यावर किती भरलं त्यावर मजुरी. त्या आठवड्यांत मला तिचे हात फार आठवायचे. असे दिवस तुला सोसतील का, हे तूच ओळखू शकतेस. आणि उंदरावर प्रयोग करावे लागतात, मारावे लागतात. त्यासाठी आधी प्रशिक्षण आणि सरकारी परवानगी लागते, नियम कडक आहेत. मन धजत नसेल तर मानवी रक्तावर किंवा वाढवलेल्या पेशींवर काम करणारा गट शोध. त्यात कमीपणा नाही, मीही तेच केलं.

मी लाल रक्तपेशींवर काम करते. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, गावागावात आहे. ‘एसएस’ (आजारी) आणि ‘एएस’ (वाहक) ही अक्षरं न शिकलेल्या आयाबायांनाही माहीत असतात. माझ्या मावशीची मुलगी हातपाय दुखतात म्हणून रात्रभर कण्हायची. त्या पेशीत कॅल्शियम शिरलं की गार्डोस नावाचं चॅनेल उघडतं, पोटॅशियम बाहेर जातं, त्यामागे पाणी जातं, पेशी सुकते. पेशी सुकली की आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि त्याच्या कांड्या लवकर बनतात. हे चॅनेल बंद करणारं सेनिकापॉक नावाचं औषध माणसांवर तपासलं गेलं. पेशी फुटणं कमी झालं, पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. का नाही झाले, या प्रश्नामागे मी इतकी वर्षं आहे. तुझ्याकडे असा एखादा प्रश्न आहे का? उन्हाळ्यात ४६ अंशांत वावरात राबणाऱ्या बाईचं शरीर पाणी आणि मीठ कसं सांभाळतं, हाही फिजिऑलॉजीचाच प्रश्न आहे, आणि तो तुझ्या डोळ्यांसमोर आहे.

प्रयोगशाळा निवडताना माझ्या अनुभवातून एक गोष्ट घे. माझे पहिले मार्गदर्शक दुसऱ्या वर्षी दुसऱ्या विद्यापीठात गेले. यंत्रं त्यांच्याबरोबर गेली, माझा करार सात महिन्यांचा उरला. दुसरा गट शोधून विषय नव्यानं उभा करण्यात दीड वर्ष गेलं. इथे विभाग प्रोफेसरभोवती उभा असतो. ते निवृत्त झाले की पुढचे प्रोफेसर आपला विषय घेऊन येतात. म्हणून मुलाखतीत सरळ विचार: तुमच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत, माझ्या जागेचा पैसा कुठून येतो आणि कधीपर्यंत आहे, आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, ते आज कुठे आहेत. इथे असं विचारणं उद्धट समजत नाहीत. त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याशी वेगळं बोलून घे. जागा युराक्सेस या युरोपातल्या संशोधन-नोकऱ्यांच्या संकेतस्थळावर आणि विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर लागतात.

पक्क्या नोकरीचं उत्तर कडू आहे. इथल्या कायद्यानं संशोधकाला तात्पुरत्या करारावर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं ठेवता येतं. बाहेरचा प्रकल्पनिधी असेल तर पुढे ओढता येतं, पण कायमच्या जागा फार थोड्या. हाना ही या कायद्याची भलामण करणाऱ्या सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधक; २०२१ मध्ये तरुण संशोधकांनी ‘मी हाना’ म्हणत यावरच मोठा आवाज उठवला होता. नंतरच्या सहापैकी माझं पाचवं वर्ष चालू आहे, आणि पुढचं मला आज सांगता येत नाही. प्रोफेसर व्हायचं तर मेडिकलच्या मुलांना जर्मनमध्ये शिकवता आलं पाहिजे. प्रयोगशाळेत इंग्रजी चालतं म्हणून पहिली तीन वर्षं मी भाषा टाळली, ते चुकलं. तू पहिल्या महिन्यापासून क्लास लाव.

विद्यापीठाबाहेर मात्र या हातांना किंमत आहे. नवं औषध हृदयाच्या हर्ग चॅनेलला अडवतं का, हे तपासावंच लागतं, कारण त्यातून हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडू शकतात. टर्फेनाडिन हे ॲलर्जीचं औषध बाजारातून गेलं ते याच कारणानं. ही तपासणी पॅच क्लॅम्पनं होते आणि औषध कंपन्यांना तशी माणसं लागतात. माझ्याबरोबरचे दोघं तिकडेच गेले, समाधानी आहेत. भारतात परत जायचं असेल तर परदेशातून परतणाऱ्या संशोधकांसाठीची सरकारी रामलिंगस्वामी फेलोशिप आहे, पण त्यासाठी इथून चांगले पेपर घेऊन जावं लागतं.

तर माझं मत: प्रश्न असेल तर ये, पगाराच्या करारावर ये, वावर विकून येऊ नकोस. पऱ्हाटीची उलंगवाडी होईपर्यंत, म्हणजे कापसाचा हंगाम संपेपर्यंत, पाच प्रोफेसरांचे अलीकडचे पेपर वाच आणि प्रत्येकाला वेगळं, एका पानाचं पत्र लिही. पहिला मसुदा मला पाठव, मी लाल पेनानं तपासून देईन. आणि बाबांनी जमिनीचा इसार अजून घेतला नसेल, तर आज संध्याकाळीच त्यांना फोन कर.