व्हिपेट विणार, तेही पावसात

प्रश्न : आमची व्हिपेट (सडपातळ, वेगाने धावणारी जात) कुत्री श्रावणात विणार. तयारी काय करावी? पिल्लांना पुढे सशामागे सोडावे का? (वाचक, गुहागर)

उत्तर : मिलनापासून साधारण ६३ दिवस धरा. शेवटच्या आठवड्यात रोज दोनदा गुदद्वारात थर्मामीटर लावून पाहा; पारा ३७.२ अंश सेल्सिअसखाली उतरला की बहुधा २४ तासांत विते. विण्यासाठी ठेवलेल्या खोक्याला आतून कडेने दांडी बसवा, नाहीतर आईच्या अंगाखाली पिल्लू चिरडते. अंथरायला गोणपाट नकोच. आपल्याकडच्या दमट हवेत ते सुकत नाही, बुरशी धरते. उबेचा दिवा एकाच कोपऱ्यावर लावा, म्हणजे उकडल्यावर पिल्लांना सरकता येईल. अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू न आल्यास थेट डॉक्टर गाठा.

ससा मात्र विसरा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याची शिकार गुन्हा आहे. धाव हवी तर वर्षाचे झाल्यावर ओहोटीच्या घट्ट वाळूत, दोरीने ओढलेल्या चिंधीमागे सोडा.